सगळे एकदम बसले तेव्हा

धुळ्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. लॅब म्हणजे एकच मोठं मशीन आणि त्याच्या पोटात प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरमधलं; पुढ्यात फक्त पडदा आणि कीबोर्ड. मोठा तो होस्ट, आतले सगळे गेस्ट. मेमरी मात्र सामायिक. एखाद्याची पडून असली की होस्ट ती काढून घेतो आणि ज्याला लागते त्याला देतो. ही व्यवस्था मीच बसवली होती आणि तिचा मला अभिमानही होता.

तीच अंगाशी आली. मेमरी वाढवा म्हणून संस्थाचालकांकडे खेटे घातले. त्यांना सगळे नाना म्हणतात. सगळे एकदम कुठे बसतात, असं त्यांचं म्हणणं. ते अहिराणीत म्हणायचे, "बठ्ठा एकदम जेवाले बसतस का? एक पंगत उठस, दुसरी बसस." घरच्या लग्नात अख्ख्या गावाला जेवू घातलेला माणूस, त्याला मी काय समजावणार? एका वेळी एकच बॅच बसायची म्हणून चालत होतं, आणि चालतंय म्हणूनच काही मिळत नव्हतं.

प्रॅक्टिकल परीक्षेला जळगावहून परीक्षक आले. त्यांच्यासाठी नानांच्या मळ्यात वरण-बट्टीचा बेत होता. बट्टी निवायच्या आत उरकावं म्हणून दोन्ही बॅच एकदम बसवायचं ठरलं.

"नाना, मशीनला झेपणार नाही."

"रोज चालस ना? मंग?"

व्हायचं तेच झालं. अर्ध्यावरच मेमरी संपली. सोनगीरहून एसटीनं येणारी एक मुलगी होती, वर्गात सगळ्यात मेहनती. तिचा प्रोग्रॅम पुरा होत आला होता. तिचा पडदा काळा पडला आणि बाकीच्यांची मशीन्स पुन्हा सुरळीत चालू लागली. तिचं केलेलं काहीच वाचलं नाही.

"स्क्रीनवर काही नाही, मार्क कशाचे देऊ?" परीक्षक म्हणाले. तिला पुन्हा वेळ द्या, असं मी विनवलं. नाना गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होते.

"पुढला खेपले देई ती परीक्षा."

त्या वाक्याचा मला आजही संताप येतो.

सगळे जेवायला गेले तरी ती लॅबच्या दारापाशी उभी होती. "सर, माझंच का बंद पडलं?"

खोटं बोलवेना. मेमरी संपली की होस्ट आधी स्वतःला वाचवतो, मी सांगितलं. त्यासाठी ज्यानं सगळ्यात जास्त मेमरी घेतलीय तो गेस्ट बंद करतो. तुझंच काम सगळ्यात जास्त चाललं होतं.

ती म्हणाली, "म्हणजे मी नुसती बसून राहिले असते, तर मशीन चालू राहिलं असतं."

"हो," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला ती परीक्षेला आलीच नाही.