न वाजवलेली थाळी

हे मी कोनालेच सांगतलं नाई — नवऱ्याले नाई, देवाले नाई. आज तुले सांगून राह्यली. आताच काऊन, म्हनशील. मले तरी काय माहीत बाप्पा!

निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. दूर, पूर्वेच्या समुद्रात तुफान उठलं, काठचं शहर बुडालं म्हने — अन् तेच तुफान आमच्या बेला गावाकडे येऊन बरसत सुटलं. पेनगंगा फुगली. गावची रीत अशी, का पुरात घराघरानं पाळीनं नदीवर बसायचं. पानी महादेवाच्या देवळाच्या पायरीले लागलं का पितळी थाळी बडवायची. खालची आळी मंग वर पळे. त्या सकाळी पाळी आमची. नवरा तापानं फणफणलेला. मी गेली.

माय वं, काय ते पानी! नदी नव्हतीच ती — अख्खं रान चालून राह्यलं होतं. आंब्याचं झाड मुळासकट वाहत आलं, त्याच्यावर एक मोर बसलेला, भिजलेला, गप. पानी पायरीले लागलं. मी पाह्यलं. अन् मी — मी थाळी खाली ठेवली अन् हात जोडले. एवढं मोठं काही जन्मात पाह्यलं नव्हतं. भेव वाटलं का? खोटं काऊन बोलू? आनंद होत होता मले. दुसरी पायरी गेली, तिसरी गेली, तरी डोळे हटेनात. थाळी वाजवली तवा खालच्या आळीत कंबरभर पानी होतं.

माझी जाऊ तिथंच राहे. पोरगी तिनं शेजाऱ्याच्या हातात देल्ली, अन् स्वतः वाहून गेली.

मागून तहसीलदार मुआयना, म्हंजे पाहनी, कराले आले. पानी कसं चढलं, म्हने. मी पदर ओढून सांगतलं, "एकदमच आलं साहेब, भिंतीवानी. थाळी उचलाले फुरसत नाई भेटली." सगळ्यायनं माना हलवल्या. असं पानी येते तर थाळी काय कामाची? म्हनून तर सरकारनं दगडी बांध घातला, वर पाहता मान दुखावी एवढा. पुढच्या पुरानं त्याले धडका देल्ल्या, पन गावात ओंजळभर पानी शिरलं नाई. सारं गाव पाह्याले गेलं. मी नाई गेली.

जावेची पोरगी मीच वाढवली. लोक म्हनतात, काय जीव लावला बाईनं! दरसाल ती बांधावर नदीची ओटी भरते, अन् माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हनते, "काकू, पान्यानं माझ्या मायले वेळच नाई देल्ला वं."

पान्यानं देल्ला होता. मी नाई देल्ला.