दिल्लीत घेतलेला आळ

साहेब बुटांसकट चुलीपर्यंत आले. मी भाकरी थापत होते. हात पिठाचे. उठावं की बसून राहावं, कळेना. त्यांनी वाकून पातेल्यावरचं झाकण उचललं आणि मागच्या फोटोवाल्याला म्हणाले, "हे घ्या. बघा, हे असलं पाणी पिऊन जगतात ही माणसं."

पातेल्यात हुलग्याचं माडगं होतं, म्हणजे पिठाचं पातळ कढण. धाकटीला सर्दी झाली होती म्हणून केलेलं. तांदूळ घरात होता, नाचणी होती. पण मला कुणी विचारलं नाही. फोटो निघाला. झाकण त्यांनी जमिनीवर ठेवलं, उलटं. ते मी नंतर धुतलं.

आमची वाडी आहुप्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटात. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. जंगलाकाठच्या लोकांचं जगणं बघायला दिल्लीच्या सभागृहाची कसलीशी समिती आली होती, तीन जीपगाड्या भरून. हे साहेब त्यातले खासदार. आमच्या भागातले नव्हते, पण मराठी बोलत होते. मी सातवी शिकलेली, म्हणून सरपंचांनी त्यांना माझ्याच घरी आणलं.

साहेबांनी विचारलं, "सरपण कुठून आणता?"

मी सांगितलं, "लांबून. पार खालच्या वढ्यापासून. दीड-दोन तास जात्यात."

"जवळ तर एवढं मोठं जंगल दिसतंय."

"ती देवाची राई हाय साहेब. तिथली काडी बी आमी उचलत नाय. पडल्याली बी नाय."

त्यांच्याबरोबरच्या माणसानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला बरं वाटलं. खरंच सांगते, लई बरं वाटलं. दिल्लीचा माणूस आपल्या दारात येतो, आपण सांगितलेलं लिहून घेतो. जीप वळेपर्यंत मी दारात उभी होते.

चार महिन्यांनी शाळेचे गुरुजी पेपर घेऊन आले. त्यांचा चेहरा पडलेला होता. म्हणाले, "बाई, बसून घे." आणि वाचून दाखवलं. साहेब लोकसभेत बोलले होते. माझं नाव घेऊन, नवऱ्याच्या नावासकट. या माउलीच्या चुलीवर मी पाण्यासारखी आमटी पाहिली, म्हणाले. चूल पेटवायला ही माउली डोळ्यांत पाणी आणून आपल्या देवाच्या राईवर कुऱ्हाड चालवते, म्हणाले. देवावर कुऱ्हाड चालवायची वेळ ज्या देशात बाईवर येते, त्या देशानं मान खाली घालावी. पुढं लिहिलं होतं, सर्व बाजूंच्या सदस्यांनी बाके वाजवली.

मी गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. मग पेपर हातात घेऊन स्वतः वाचलं. कुऱ्हाड हा शब्द तिथं होताच.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं, असं वाटेल. साहेब गरिबांसाठीच तर बोलले. गॅस मिळावा म्हणून बोलले. पण आमच्याकडं राईचा एक रिवाज आहे. एखाद्यानं दुसऱ्यावर राईतलं लाकूड नेल्याचा आळ घेतला, की ज्याच्यावर आळ आला त्यानं राईत पाऊल टाकायचं नाही. मग तो खरा असो की खोटा. ज्यानं आळ घेतला, त्यानंच राईच्या कडेला यायचं, नारळ फोडायचा आणि चारचौघांत म्हणायचं, माझं चुकलं. मग मोकळीक. हे आमच्यात कधीमधी व्हायचं. भांडणात कुणी तोंडातून काढायचं, दोन दिवसांनी नारळ फोडून हसत घरी जायचं. म्हणून कुणाला ते जड गेलं नव्हतं.

आळ घेणारा आजवर वाडीतलाच असायचा.

त्या वर्षी दिव्याची पाळी आमच्या घराची होती. राईतल्या देवापुढं वर्षातून एकदा एका घरानं दिवा लावायचा, वाट झाडायची. सोळा घरं, सोळा वर्षांनी पाळी येते. सासूबाई मागच्या पाळीला होत्या, पुढच्या पाळीला आपण नसू, असं त्या म्हणायच्या. मी गुरुजींना म्हटलं होतं, पेपर कुणाला दाखवू नका. पण सरपंचांनीच अभिमानानं सगळ्यांना वाचून दाखवला. वाडीचं नाव दिल्लीत गाजलं म्हणून.

राईचं सगळं बघणारे थोरले बाबा घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले नाहीत.

"पोरी, तू तोडलं नाय हे आमाला ठावं हाय."

"मग?"

"पण बोललं गेलंय. देवाच्या कानावर गेलंय. ज्यानं आळ घेतला त्याला यायला सांग."

"त्यो दिल्लीला हाय बाबा."

"आसंल. रिवाज काय दिल्ली बघत नाय."

आमची पाळी पुढच्या घराला गेली. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मला त्या माणसाचा राग आला, थोरल्या बाबांचाही आला, आणि सगळ्यात जास्त माझा. दारात उभी राहून जीपकडं बघत राहिले होते ना मी, त्याचा.

मी पत्र लिहिलं. साहेब, मी असं बोलले नव्हते, तुम्ही येऊन एवढं सांगा. दोन महिन्यांनी उत्तर आलं, छापील. आपले पत्र मिळाले, योग्य ती दखल घेण्यात येईल. मग मी मंचरला गेले, साहेबांच्या पक्षाच्या एका कार्यकर्त्याकडं. सगळे त्याला भाऊ म्हणत. पंख्याखाली बसून भाऊंनी माझं सगळं ऐकलं, मधेच दोन फोन घेतले, आणि म्हणाले, "ताई, सभागृहात बोललेल्यावर कोर्टात बी जाता येत नाय. तिथं तसा अधिकारच असतो त्यांना. आन् तुमचं नाव देशात गेलं की. नशीब समजा."

नशीब. येताना एसटीत डिंभ्यापर्यंत मी तोच शब्द चघळत होते. माझ्या नावानं कुणीही काहीही बोलायचं, आणि ते खोडायला मला दारसुद्धा नाही. बोलणाऱ्याला अधिकार आणि मला नशीब.

दोन वर्षं गेली. सासूबाई वारल्या. पाळी गेली ती गेलीच. राईच्या कडेकडेनं जाताना मी मान खाली घालायची. हिरडा वेचायला बायका राईपलीकडच्या रानात जायच्या, त्यांची पायवाट राईतून. मी एकटी लांबून वळसा घालून जायची. पोहोचेपर्यंत त्यांची अर्धी पाटी भरलेली असायची.

मग निरोप आला. घोडेगावला गॅसवाटपाचा कार्यक्रम आहे, साहेब येणार, पहिली शेगडी तुम्हाला. न्यायला जीप आली. मी गेले. शेगडीसाठी गेले नाही. माणूस समोर येतोय, एवढंच बघितलं.

मांडवात हजारभर लोक. साहेबांनी भाषणात पुन्हा तेच सांगितलं, आवाज भरून आणून. कुऱ्हाड, डोळ्यांत पाणी, सगळं. मग म्हणाले, "आणि हीच ती माउली!" टाळ्या झाल्या. मला वर नेलं. भाऊंनी कानाशी येऊन सांगितलं, "दोन शब्द बोला. साहेबांमुळं लाकूडतोड सुटली, एवढंच म्हणा."

माईक हातात आला.

मी म्हटलं, "साहेब, मी राईतली काडी बी तोडली नाय. तुमाला तवाच सांगितलं व्हतं. तुमच्या माणसानं लिवून घेतलं व्हतं. तुमच्या बोलण्यानं माजी राई बंद झाली. सासू तशीच गेली. तुमी माज्याबरूबर चला, राईच्या कडंला नारळ फोडा, आन् माजं चुकलं म्हणा. तासाचं काम हाय."

साहेब माझ्याकडं बघून हसले. माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि लोकांना म्हणाले, "बघा, किती भोळी, किती श्रद्धाळू माणसं आहेत आपली!"

लोक हसले. काही तर टाळ्या वाजवायला लागले.

त्या हसण्यात माझ्यातलं काहीतरी संपलं. हा माणूस कधीच येणार नाही. मी ओरडले तरी तो त्याची गोष्ट करील, रडले तरी करील. त्याला मी हवीच आहे, फक्त माझं म्हणणं नको आहे. शेगडीचा खोका माझ्या पायाशी ठेवला होता. मी तो उचलला नाही. पायऱ्या उतरले, मांडवाच्या बाहेर आले आणि स्टँडवर जाऊन एसटीची वाट बघत बसले. जीप कुणी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी दिवा घेतला आणि राईकडं निघाले. थोरले बाबा वाटेत उभे.

"आळ मागं घ्याया कोण आलंय?"

"कोन नाय. त्यो येणार बी नाय. त्याच्या तोंडाची वाट बघत मी भाईर ऱ्हायची नाय, बाबा. मी तोडलं नाय. मी सांगते ते पुरं हाय."

बाबा बाजूला झाले नाहीत. मी त्यांना वळसा घालून आत गेले. दिवा लावला. त्या वर्षी हिरड्याला माझ्याबरोबर फक्त दोन बायका आल्या. अजूनही काही घरं माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. दिल्लीच्या कागदात मी अजून कुऱ्हाड घेऊन उभी आहे. सांगून सांगून तोंड दुखलं, आता ते खोडायच्या मागं मी लागत नाही.

पण त्यानंतरही जीपगाड्या येतात. समित्या, संस्था, पेपरवाले, निवडणुकीच्या आधीचे सगळे. मी दारातच उभी राहते. बूट बाहेर काढायचे. मी सांगते ते लिहायचं, लिहिलेलं मला वाचून दाखवायचं, खाली माझी सही घ्यायची आणि त्याची एक प्रत इथंच ठेवून जायची. एवढं जमत नसेल त्यानं माझं नाव तोंडात घ्यायचं नाही, देशात नाही, तालुक्यात नाही. काही जण चिडतात. काही तसेच परत जातात. जाऊ देत.

माझ्या चुलीवर काय शिजतंय, ते मी सांगेन. झाकणाला कुणी हात लावायचा नाही.