दाजी आणि ताईचं डोंगल

माझ्या दाजींइतका तत्त्वाचा माणूस अख्ख्या नाशकात सापडणार नाही, आणि सापडूही नये अशी माझी इच्छा आहे. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर माणसं गोदाकाठी फिरायला जातात. हे घरोघरच्या संगणकांत लिनक्स ही फुकट, सगळ्यांना खुली प्रणाली घालत फिरू लागले. जे सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते कंपनी कुणाला दाखवत नाही, ते त्यांच्या लेखी विटाळाचं. लॅपटॉपचं वायफाय चालवायला असलंच एक बंद सॉफ्टवेअर लागतं म्हटल्यावर त्यांनी वायफायच सोडलं आणि बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत केबल ओढली. पाहुणे अडखळून पडायचे. लेक परदेशात, पण तिच्या ॲपवर व्हिडिओ कॉल घ्यायचा नाही, म्हणून नातवाचं बारसं त्यांनी फोटोत पाहिलं.

माझं रविवार कारंजावर लग्नपत्रिकांचं दुकान. तिथं मराठी टायपिंगचं जुनं, विकतचं सॉफ्टवेअर चालतं. संगणकाच्या मागे डोंगल, म्हणजे किल्लीसारखा एक तुकडा, खोचल्याशिवाय ते उघडत नाही. दाजी आले की त्या डोंगलकडे बघत म्हणायचे, "शब्द तुझे अन् कुलूप दुसऱ्याचं. लाज नाही वाटत?"

"दाजी, गिऱ्हाईक लासलगावहून आलंय. त्याला पत्रिका पाहिजे, प्रवचन नको," मी म्हणायचो.

तसलंच एक डोंगल मी ताईला दिलं होतं. आमच्या मखमलाबादच्या मळ्याच्या आठवणी ती लिहायची, रोज दुपारी एक पान. एकदा ती मला राखी बांधायला आलेली असताना दाजींनी तिचा संगणक शुद्ध करून टाकला आणि डोंगल भंगारात दिलं. फायली तेवढ्या जपून ठेवल्या. पण डोंगलशिवाय त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. "नवं टायपिंग शीक, आठ दिवसांत येईल," म्हणाले. मी भांडायला निघालो तर ताईनंच अडवलं. "असू दे रे. यांचं मन कशात तरी रमतंय ना." दुसरं डोंगल देऊ केलं, तेही घेतलं नाही. त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही, आणि दोन वर्षांनी ती गेली. याबद्दल मी दाजींना माफ केलेलं नाही.

तेरावं झाल्यावर दाजी ताईच्या फायलींचा पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आले. "तुझ्याकडे उघडतील ना?" एवढंच विचारलं. उघडल्या. एका पानावर ताईनं लिहिलं होतं, 'मला बघायला आले तेव्हा हे विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर खोलून बसले. चहा गार झाला. मोटार मात्र सुरू झाली.' दाजींनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले. चार शब्द सुनावायचे मी ठरवून ठेवले होते, ते राहून गेले.

तेव्हापासून ते रोज दुपारी येतात. माझ्या पडद्यावर ताईचं पान उघडतात आणि शेजारी आपल्या लॅपटॉपवर एका बोटानं ते कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या खुल्या अक्षरांत उतरवतात. रोज एकच पान. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की सगळी फाइल मिनिटभरात तशी बदलून मिळते. मी ते त्यांना सांगितलेलं नाही. जन्मभर सॉफ्टवेअर खोलून बघणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसेल, असंही मला वाटत नाही. तीन वाजले की मी त्यांच्यासाठी तो संगणक मोकळा करून ठेवतो.