सशांसाठीचा पाला

सासूबाई पहिल्यांदा जर्मनीत, डार्मश्टाटला आल्या, तेव्हा नवऱ्याचं एश्बॉर्नमधलं काम सुटून तीन महिने झाले होते. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तिकीट आधीच काढलेलं होतं, आणि तो दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेला दिसायचा. घरून काम करतोय, असं त्या धरून चालल्या. माझी पीएचडी चालू होती, पगार अर्धाच.

दुकानांचे प्रॉस्पेक्ट, म्हणजे सवलतींचे कागद, घरात आले की मी ते टेबलावर पसरून बसायची. कुठल्या दुकानात काय स्वस्त आहे ते बघायचं आणि त्यावरून आठवड्याचा बेत लिहून कागद फ्रिजवर लावायचा. फ्लॉवर स्वस्त असला की सोमवारी रस्सा, मंगळवारी पराठे, बुधवारी उरलेल्या दांड्यांचं सूप.

"अगं, मंगळवारी काय खावंसं वाटेल ते आजच कसं कळतं तुला?" सासूबाईंनी विचारलं होतं. मी हसून वेळ मारून नेली.

एका शनिवारी संध्याकाळी त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या. रविवारी दुकान बंद, म्हणून शनिवारी शेवटी शेवटी दही, पाव, मशरूम यांवर सवलतीची चिकटपट्टी लागते. मी त्या पट्ट्या शोधत होते. त्या मात्र भाजीपाशी रेंगाळल्या. इथे लोक नवलकोल घेतात आणि त्याची पानं तिथेच मोडून खोक्यात टाकतात. मुळ्याचंही तेच. खोकं हिरवंगार भरलं होतं.

"एवढा कोवळा पाला टाकून देतात?" असं म्हणत त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा.

भाज्या लावणारी बाई हसत जवळ आली. "किती ससे आहेत तुमच्याकडे?" तिने मला जर्मनमध्ये विचारलं. तो पाला नेणारे बहुतेक लोक घरी ससे पाळणारेच असतात.

माझे कान तापले. "दोन," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर सासूबाईंना ते सांगितलं. वाटलं, हसतील. त्या चालता चालता थांबल्या.

"भाजी करून खातो म्हणायची लाज वाटली?"

"तसं नाही, आई."

"मग कसं? तुझे कागद, त्या पट्ट्या, महिनाभर बघतेय मी. ओढाताण चाललीय ना?"

ट्रामच्या थांब्यावर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी पाल्याची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "त्याला मी विचारणार नाही. तो आपणहून सांगेल. पण बेत यापुढे आपण दोघींनी करायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुळ्याच्या पाल्याला भरपूर लसणाची फोडणी देऊन, पीठ पेरून त्यांनी भाजी केली. नवऱ्याने तीनदा मागून घेतली आणि पानावरच म्हणाला, "आई, माझी नोकरी गेलीय." "बरं," त्या म्हणाल्या, "भाकरी घे अजून." त्याचे डोळे भरून आले. मला कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारी सासूबाईंनी दुकानातल्या त्या बाईसाठी त्याच भाजीचा डबा भरला. "तिला सांग, ससे नाहीत म्हणून."

मी सांगितलं. ती बाई आधी लाजली, मग झाकण उघडून वास घेतला. "क्नोब्लाउख!" ती म्हणाली. लसूण. सासूबाईंना शब्द कळला नाही, पण त्यांनी जोरात मान डोलावली. आठवड्याने डबा परत आला तो घासूनपुसून, तिच्या बागेतल्या अक्रोडांनी भरलेला.

नोव्हेंबरात त्या पुण्याला परतल्या. जानेवारीत नवऱ्याला हायडेलबर्गला काम मिळालं. बेत आम्ही अजूनही करतो, आता हौसेने. बुधवारचा स्वयंपाक त्याच्याकडे आहे. त्या दिवशी काय करायचं ते तो आईला फोन करून ठरवतो, आणि त्या दोघांच्या गप्पांत कांदा हमखास करपतो.