मधले घोडे गेले कुठे?

विचारून विचारून माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांची आणि निर्मळच्या आमच्या मामांची अजून गाठ पडलेली नाही. अख्ख्या वसईत मामांइतके प्रश्न कुणी विचारले नसतील आणि मामांइतका गोंधळलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते. एरवी मी पत्रकं लिहिते. गोदामांविरुद्ध, टँकरविरुद्ध, खड्ड्यांविरुद्ध. पत्रकात गोंधळाला जागा नसते. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला ते, आणि मधे उद्गारचिन्ह. मामांविषयी लिहायला बसलं की ते उद्गारचिन्ह नेमकं कुठे ठोकायचं तेच कळत नाही. आईचे हे मामेभाऊ वाडीत केळी आणि सोनचाफा करतात, फुलांच्या करंड्या स्कूटरला बांधून बाजारात नेतात, आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सल्ला विचारतात. त्यांची खरी खोड पुढेच आहे. ते एकाचा सल्ला घेऊन थांबत नाहीत. सगळ्यांचा घेतात आणि सगळ्यांचा एकदम अमलात आणतात. विहिरीवरचा पंप त्यांनी असाच बसवला. प्लंबर, पोस्टमन, दूधवाला, सगळ्यांचं ऐकून पाइप असा काही फिरवला की पाणी जोरात आलं, पण शेजाऱ्याच्या मोगऱ्याला. मामी कपाळाला हात लावून उभी, आणि मामा म्हणतात, "पाणी तर आलं ना? मग झालं तर!"

तर अशा माणसाने गवत कापायच्या यंत्रांना ट्रॅक्टर जुळवायचं काम अंगावर घेतलं. घेतलं म्हणजे घ्यावंच लागलं. कामणच्या पुढे मामांची आणि त्यांच्या धाकट्या चुलतभावाची, म्हणजे आमच्या धाकट्या मामांची, सामाईक वरकस आहे. वरकस म्हणजे भात न होणारी, नुसती गवताची जमीन. खाली थोडी सपाटी आणि वर उतार. पूर्वी दिवाळीच्या सुमारास माणसं येऊन विळ्याने गवत कापायची, भारे बांधायची, आणि ते तबेल्यांना जायचं. आता चारी बाजूंना गोदामं उठली आणि तीच माणसं तिथे माल चढवायला जातात. गवत उभंच वाळतं, कुणीतरी विडी टाकतो आणि पेटतं. गणपतीला सगळे जमले तेव्हा धाकटे मामा मखरासमोरच बोलले, "दादा, गोदामवाले सारखे विचारतायत. तुझं म्हणणं जमीन ठेवायची, ठीक. मग यंदा गवत कापून, गठ्ठे बांधून, विकून दाखव. तुळशीच्या लग्नापर्यंत. नाही जमलं तर मी सही करणार, आणि तूही करायची." मी ताडकन उठून काहीतरी बोलणार होते, पण मामांनी मोदक तोंडात असतानाच मान डोलवून होकार देऊन टाकला होता.

ट्रॅक्टर मामांकडे होता, पण तो केळीच्या दोन ओळींतून जावा म्हणून घेतलेला, बुटका, अरुंद, लाडका. त्याची ताकद किती, हे मामांनी घेताना विचारलंच नव्हतं. फक्त वाडीच्या गल्लीत दोन हात पसरून रुंदी घेतली होती आणि तसेच हात पसरून दुकानात शिरले होते. आता ताकद विचारायला आम्ही दोघं विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, इंजिनचे हॉर्सपॉवर वेगळे आणि मागच्या शाफ्टला मिळणारे वेगळे. यंत्र चालतं ते शाफ्टवर." मामांनी चष्मा पुसला. "म्हणजे पुढे इतके घोडे, मागे त्याच्याहून कमी. मग मधले घोडे गेले कुठे?" विक्रेता म्हणाला, गिअरमध्ये, पंपात, असेच जातात. मी तिथल्या तिथे भडकले. माहितीपत्रकावर इंजिनचा आकडा हा एवढा मोठा आणि शाफ्टचा मुंगीएवढा! कुठला आकडा कशाला मोठा छापतात ते मला शिकवू नका, असं मी त्याला सुनावलं. मामा मात्र रागावले नाहीत. हरवलेल्या घोड्यांची त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. परत येताना स्कूटरवर त्यांनी मान वळवून विचारलं, "बाय, एक घोडा म्हणजे रेडे किती?" लहानपणी रहाटाला रेडा जुंपलेला त्यांनी पाहिला होता, तेवढाच हिशेब त्यांना पक्का होता.

पहिलं आलं कापणीचं यंत्र. ते ट्रॅक्टरच्या मागे लटकवलं आणि उचलायला गेले, तर यंत्राऐवजी ट्रॅक्टरचंच तोंड आभाळाकडे गेलं. पुढे वजन पाहिजे, असं रस्त्यावरून जाणाऱ्या तिघांनी सांगितलं, म्हणून मामांनी तिघांचंही वजन घातलं: वाळूच्या गोणी, लोखंडी पहार, आणि घरातला वाटणाचा दगडी रगडा. दुपारी मामीचा फोन. "काय गो, माझा रगडा दिसला का तुला कुठे?" मी म्हटलं, "मामी, तो कामणला गवत कापतोय." त्यावर मामी जे बोलली ते पत्रकात छापता येणार नाही. पण गवत कापलं गेलं, उतारावरचंसुद्धा. दुसरं यंत्र गवत ओळीत ओढायचं, फिरणाऱ्या दातांचं, हलकं. ते पहिल्या दिवसापासून नीट चाललं, म्हणून मामांचा त्याच्यावर विश्वास बसेना. "काही न बिघडता चालतंय, म्हणजे आतून काहीतरी बिघडलंय." ते रोज त्याच्याभोवती संशयाने फेऱ्या मारायचे. एकदा धाकटे मामा बघायला आले. काही वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त, पांढरेशुभ्र कपडे. मामांनी त्यांनाच वर बसवलं. "तू चालव, मी मागून आवाज ऐकतो." धाकट्यांनी एक फेरी मारली, मग न सांगता आणखी एक मारली, आणि उतरताना चेहरा पुन्हा कडक केला.

आणि मग गठ्ठे बांधायचं यंत्र आलं. बेलर. इथे मामांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता निर्णय घेतला आणि तोच चुकला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बैलजोडीत एक बैल दांडगा आणि एक किरकोळ चालतो का? जू तिरकं होतं. तेव्हा ट्रॅक्टर आणि बेलर वजनाने बरोबरीचे पाहिजेत. शोधून शोधून त्यांनी अगदी बरोबरीचा, वापरलेला, चौकोनी गठ्ठ्यांचा बेलर मिळवला आणि दोघांना शेजारीशेजारी उभं करून कौतुकाने पाहिलं. फक्त हे दोघे शेजारी चालायचे नव्हते, एकाने दुसऱ्याला ओढायचं होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. बेलरच्या पोटात एक दट्ट्या असतो, तो गवत ठोकून ठोकून दाबतो. इथे प्रत्येक ठोक्याला ट्रॅक्टरच पुढेमागे डुलायला लागला, भजनात रंगलेल्या माणसासारखा. घोडे तर कमी पडलेच. इंजिन घरघर करून दर थोड्या वेळाने बंद. आणि उतारावर नेलं तेव्हा बेलरनेच ट्रॅक्टरला ढकलत खाली आणलं, थेट करवंदीच्या जाळीत. मामा वर बसलेले, दोन्ही पाय ब्रेकवर. "थांब! अरे थांब!" ते ट्रॅक्टरला सांगत होते की बेलरला, कोण जाणे.

तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. तुळिंजच्या पुढचा तबेलेवाला रोज फोन करायचा, "मामाजी, खुल्ला गवत नाय पायजे, आपल्याकडे जागा किधर आहे? गठ्ठा बांधून द्या, जितना होयेल तितना घेतो." शेजारच्या जमिनीवर गोदामासाठी सपाटीकरण चाललं होतं आणि तिथे एक थोराड ट्रॅक्टर होता. मामा सरळ त्याच्या ड्रायव्हरकडे गेले. मला हे सहनच होईना. "मामा, त्यांचा ट्रॅक्टर? ज्यांच्याशी आपण भांडतोय त्यांचा?" मामा म्हणाले, "बाय, ट्रॅक्टरला काय माहीत तो कुणाचा?" ड्रायव्हर भला होता, जेवणाच्या सुट्टीत यायचा. त्याच्या ट्रॅक्टरला तोच बेलर लावला, तर आमच्या बेलरचं शिलाईचं मशिन झाल्यासारखं वाटलं. ठोके बसतायत, ट्रॅक्टर ढिम्म, आणि मागून एकामागून एक चौकोनी गठ्ठे पडतायत. मामा प्रत्येक गठ्ठ्यावर हात ठेवून बघत होते, गरम पाव बघावा तसे. पण उताराकडे बोट दाखवल्यावर ड्रायव्हरने हात जोडले. "काका, एवढा उंच ट्रॅक्टर तिथे आडवा होईल." म्हणजे जो ट्रॅक्टर उतारावर चढतो तो बेलर ओढू शकत नाही, आणि जो ओढू शकतो तो चढत नाही. या वाक्यावर मी सबंध संध्याकाळ विचार केला आणि यात दोषी कोण ते मला सापडलं नाही.

तुळशीच्या लग्नाला सपाटीवरचं सगळं गवत तबेल्यात पोचलं होतं आणि उतारावरचं ओळीत पडून होतं. धाकटे मामा आले, उतारापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "दादा, अर्धं जमलं. तेव्हा अर्धीच सही. त्यांना तशीही सपाटीच पाहिजे. उतार तू ठेव."

"म्हणजे जिथे यंत्र चाललं ते त्यांना आणि जिथे नाही चाललं ते मला?"

"तसं नाही रे दादा."

"तसंच आहे!" मी म्हटलं.

"तू गप्प बस बाय," मामा म्हणाले. असं ते मला कधी बोलले नव्हते. धाकट्यांचा आवाज उतरला. "मुलं तिकडे परदेशात. माझ्यामागे इथे कोण यायचंय, सांग मला." मामांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. दोघांनी सपाटीची सही केली.

मी पत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडकले. लुटारू कोण लिहू? धाकटे मामा? तो भला ड्रायव्हर? गिअरमध्ये गेलेले घोडे? कागद तसाच आहे. मामांनी बेलर विकला आणि आता त्यांना गोल, लहान गठ्ठ्यांचा बेलर हवाय, हलका, कमी ताकदीत चालणारा. वाडीतल्या ट्रॅक्टरला तो झेपेल असं विक्रेता म्हणतो. उतारावर गोल गठ्ठा घरंगळत खाली गोदामात जाईल असं मामी म्हणते. मामांना दोघांचंही पटतं.

वर्ष उलटलं, पाऊस सरला, उतारावर नवं गवत उभं राहिलं, आणि परवा आम्ही तिथे उभे होतो. खाली सपाटीवर पत्र्याचं छप्पर चढत होतं. धाकटे मामा धापा टाकत वर आले, खाली बघायचं टाळून मामांच्या शेजारी उभे राहिले. मग त्यांनी पायाने गवत चाचपत विचारलं, "दादा, यंदा हे कधी ओढायला घेणार?"

"दिवाळी झाली की. का?"

"नाही... चालवायला कुणी लागेल ना तुला. मी आलो तर?"

मामांनी त्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ये," ते म्हणाले. "पण जुनी पँट घालून ये. कुसळं निघत नाहीत मग."