लख्ख नळ्या

आमच्या भागात ऑर्गन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नाटक कंपनीतला, पायानं भाता मारायचा ऑर्गन येई. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या चर्चमध्ये होता तो वेगळा. भिंतीला टेकून उभं केलेलं एक मोठं कपाटच ते. पोटात आणि माथ्यावर लहानमोठ्या नळ्यांच्या रांगा, मागच्या बाजूला एक लाकडी दांडा. एकानं मागे उभं राहून दांडा खालीवर करत भाता भरायचा, तेव्हा कुठे पुढे बसलेल्याच्या बोटांखाली सूर निघायचा. हा पाइप ऑर्गन मी चौदा वर्षांची असताना लोकांसमोर एकदाच वाजवला. त्याला साठ वर्षं होऊन गेली. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. वसाहतीतले साहेब आपापलं सामान बांधून निघून गेले होते आणि ऑर्गन वाजवणारा एकच माणूस मागे उरला होता. गोव्याकडचे एक निवृत्त गार्ड. आम्ही त्यांना सर म्हणायचो. आपल्यामागे हे वाद्य मुकं होईल या धास्तीनं त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवड्यांचा वर्ग काढला. रेल्वेत काम करणाऱ्या कुणाचाही मुलगा किंवा मुलगी, धर्म कुठलाही चालेल, असं त्यांनी सांगितलं. नऊ मुलगे आले, आम्ही तीन मुली.

माझे वडील लोको शेडमध्ये फिटर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सावद्याची केळीची शेती भावांवर सोपवून ते नोकरीला आले होते. मी वर्गाचं नाव काढलं तशी माय भडकली.

"चर्चात कायले जाई राह्यली? बाटशील ना व!"

नानांनी तिला गप्प केलं. मला मात्र स्पष्ट बजावलं, "तीन हप्ते जाय. शेवटच्या दिवशी सगळ्याइसमोर एक गानं बरोबर वाजवून दाखव. मंग दर रविवारी जा शिकाले. नाही जमलं तं घरी बसाचं, पुन्हा नाव काढाचं नाही."

मला तेवढं पुरे होतं. शाळेत प्रार्थनेला मीच पेटी वाजवायचे. एक गाणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना ऑर्गनभोवती उभं केलं. आता हे पोटातलं सगळं उघडून दाखवणार म्हणून मी पुढे सरकले, तोच सर म्हणाले, "मुलींनो, तुम्ही तोवर नळावरून पाणी आणा. फरशी पुसून घेऊ. धूळ आत जाते." वसाहतीचा नळ चर्चपासून लांब, त्यातून मे महिन्याचं ऊन. बादल्या घेऊन आम्ही चार खेपा केल्या. परतलो तेव्हा कपाटाची दारं लागली होती आणि मुलगे पाळीपाळीनं बाकावर बसून पट्ट्या दाबत होते.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. मुलगे वाजवायचे, मुलगेच भाता ओढायचे. आम्ही फरशी पुसायची, वह्यांवर रेघा आखून द्यायच्या, माठ भरायचा. मुलांची पाळी संपली की आम्हा तिघींना मिळून पंधरा मिनिटं. सर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. "मुलींचा हात स्वच्छतेला फार चांगला" हे ते अगदी मनापासून म्हणायचे.

घरी मी एका फळीवर कोळशानं पट्ट्या काढल्या होत्या. दुपारी माय झोपली की त्यावर बोटं चालवायची. सरांनी मला एक साधी, आठ ओळींची चाल दिली होती. ती मला झोपेतही आली असती.

शेवटच्या आठवड्यात सरांनी एक गोष्ट ठरवली. ऑर्गनच्या माथ्यावरची बारीक धातूच्या नळ्यांची रांग कित्येक वर्षं बंद होती. कुंभारमाशीनं तिच्यात मातीची घरं केली होती. मुलगे शिकत होते ते सगळं आतल्या लाकडी नळ्यांवर. सर म्हणाले, "या वरच्या रांगेचा आवाज सगळ्यांत गोड. तुम्ही मुलींनी ती साफ केली, तर शेवटच्या दिवशी मुलींचं गाणं त्याच रांगेवर." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वाजवेल."

चाळीस नळ्या होत्या. सरांनी स्वतः शिडीवर चढून एकेक उतरवली, खडूनं आकडे घातले आणि आमच्या ओटीत दिल्या. मग ते मुलांना शिकवायला आत गेले. साफ कशी करायची, ते काही बोलले नाहीत. त्यात सांगायचं काय? आम्ही मुलीच होतो.

कंदिलाची काच कशी पुसायची हे आमच्याकडे मुलीला पाचव्या वर्षी येतं. काडीला चिंधी गुंडाळायची, राखेत बुडवायची, वरून आत घालून गोल फिरवायची, अगदी तळापर्यंत. नळ्या तशाच होत्या, लांब नि पोकळ. चर्चच्या मागे लिंबाखाली बसून आम्ही त्या तशाच साफ केल्या. माती घट्ट होती, म्हणून मी चिंधीऐवजी नारळाची शेंडी बांधली आणि काडी जोर लावून तळाशी टेकवली. बाहेरून चिंच लावली. काळवंडलेला धातू उजळत गेला तशी मी हरखून गेले. दोन दिवस लागले. त्यातल्या सव्वीस नळ्या मी एकटीनं केल्या, कारण गाणं माझं होतं.

शनिवारी संध्याकाळी सरांनी नळ्या परत बसवल्या. त्यांची नजर अधू झाली होती, पण चकाकी त्यांनाही दिसली. "वा!" म्हणाले. मी विचारलं, "सर, एकदा वाजवून पाहू?"

"भाता ओढायला कोणी नाही. मुलं घरी गेली."

"मी ओढते."

"छे, ते मुलींचं काम नाही. उद्या बघू."

दोन दिवस नळ्या घासून माझ्या बोटांची सालटी निघाली होती. ते मुलींचं काम होतं.

रविवारी चर्च भरलं. शेडमधले लोक, त्यांच्या बायका, वसाहतीतले चार अंमलदार. नाना धुतलेला सदरा घालून शेवटच्या बाकावर बसले होते. मुलगे एकामागून एक वाजवून गेले. कुणी चुकलं, कुणी अडखळलं, सगळ्यांना टाळ्या मिळाल्या. मग माझं नाव पुकारलं. सरांनी आतल्या लाकडी नळ्यांची खुंटी ढकलून बंद केली, वरच्या रांगेची ओढली आणि मागे भाता ओढणाऱ्या मुलाला खूण केली.

मी पहिली पट्टी दाबली. फुस्स झालं. दुसरी दाबली, तिच्यातून कोंबडीचं पिल्लू ओरडल्यासारखा आवाज आला. तिसरी गप्प. पण बोटं बरोबर पडत होती, म्हणून मी थांबले नाही. आठही ओळी वाजवल्या. एक बोट चुकलं नाही. वर नुसती हवा फुसफुसत होती, मध्येच एखादा सूर किंचाळत होता, आणि लोक हसत होते. पहिल्यांदा मुलं हसली, मग सगळेच.

सर शिडीवर चढले. एक नळी काढून त्यांनी डोळ्याजवळ धरली. "जीभ वाकली आहे," ते म्हणाले. दुसरी काढली. "हिचीही." मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "नळीत काठी कोणी घातली?"

मी उभी राहिले. "मी."

"नळीच्या तळाशी, हवा शिरते तिथे, आत पातळ पत्रा असतो, तीच जीभ. त्याला धक्का लागला की सूर गेला. आत काही घालायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी नळी काढून दाखवलं होतं."

"तेव्हा आम्ही पाणी आणायला गेलो होतो," मी म्हणाले.

यावर तर चर्चमध्ये हशाच उसळला. मी विनोद केला असं लोकांना वाटलं असावं. सर हसले नाहीत. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना ते कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. कळूनही ते काही बोलले नाहीत, ही गोष्ट मी त्यांना कधीच माफ केली नाही. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी नळी खाली ठेवली आणि सगळ्यांचे आभार मानायला सुरुवात केली.

घरी जाताना मी नानांच्या मागून चालत होते. लेव्हल क्रॉसिंगपाशी फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो. मी म्हणाले, "नाना, माझं एकही बोट चुकलं नाही."

"आवाज कुठी आला?" ते म्हणाले. आणि मग माझं तोंड पाहून, मला बरं वाटावं म्हणूनच, अगदी मायेनं म्हणाले, "नळ्या मातर लख्ख केल्या व तुनं. शेवटच्या बाकावरून चमकी राह्यल्या होत्या."

दर रविवारी शिकायला जायचा विषय पुन्हा निघाला नाही. कोळशाच्या पट्ट्या काढलेली फळी मायनं पुसून पाटासारखी वापरायला घेतली.

दोन वर्षांनी मला पाहायला धरणगावकडचे पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीला काय काय येतं. मी मान खाली घालून बसले होते. शिवण येतं, स्वयंपाक येतो, हे नानांनी सांगितलं. पेटीचं सांगतील म्हणून मी वाट पाहिली.

"कामाले लई चांगली," नाना अभिमानानं म्हणाले. "चर्चातला तो मोठा बाजा आहे ना, त्याच्या चाळीस नळ्या हिनं घासल्या. तोंड दिसत होतं त्याइच्यात."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. मी पसंत पडले.