नावेच्या गाण्यातलं हसू

संशय हा माझा धंद्यातून जडलेला रोग. पनवेलच्या बाजारात माझं कॅसेटचं दुकान होतं. त्या धंद्यात दुधाने तोंड पोळायला फार दिवस लागत नाहीत. वरच्या कागदावर जुन्या गाजलेल्या गायिकेचा फोटो, आणि आत भलतीच कुणीतरी गाते. भांडायला जावं तर कंपनीवाला मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं दाखवणार, ‘गाणी नव्याने ध्वनिमुद्रित’. मूळ गाण्यांचे हक्क विकत घेण्यापेक्षा एखादी नक्कल करणारी पोरगी गाठून तीच गाणी पुन्हा गाऊन घेणं सोपं, असा त्यांचा सरळ हिशेब. मग मी ताकच काय, पाणीही फुंकून प्यायला लागलो. आंबा कापतानासुद्धा हा हापूस नसणारच, असं धरूनच सुरी चालवतो. बायको म्हणते, आपल्या लग्नाच्या फोटोकडेही तुम्ही तसंच बघता. बघतो की.

कॅसेट गेली, सीडी आली, दुकानाचं शटर खाली आलं, पण माझा कान शाबूत होता. ओळखीपाळखीचे लोक सीडी घेऊन घरी यायचे आणि विचारायचे, अस्सल की नक्कल? मी सांगेन ते शेवटचं.

असाच एका रविवारी भावोजींचा फोन आला. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ओवे गावातलं घर, माणूस तसा कमी बोलणारा. म्हणाले, “मेवणे, जेवायला या. आन् येताना कान घेऊन या.” मी मोटरसायकल काढली. तेव्हा त्या वाटेला खारघरच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि माझा त्यांच्यावरही विश्वास नव्हता.

ओट्यावर ताईची सासू बसलेली. आत गेलो तर भावोजींनी नवा सीडी प्लेअर मांडून ठेवलेला आणि हातात बाईंचा सर्वोत्तम गाण्यांचा संच. बाईंचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात एके काळी त्यांच्या आवाजाशिवाय कुणाला हळद लागत नसे, एवढं सांगितलं तरी पुरे. भावोजींच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. हळदीला ही सीडी वाजवायची होती. “नक्कल निघाली तर गाव हसंल,” भावोजी म्हणाले. “आमची आय बोलते बाईच हाय. मला काय समजत नाय. तुमी सांगा.”

इथे ताईचं सांगायला हवं. लग्नाआधी ती पनवेलच्या एका ऑर्केस्ट्रात बाईंची गाणी गायची. निवेदक लोकांना डोळे मिटायला सांगायचा आणि डोळे मिटले की खरोखर बाईच गातायत असं वाटायचं. तिला दुसरं काही नको होतं, फक्त गायचं होतं. पण लग्नाच्या बोलणीत तिच्या सासूने चार माणसांत सांगितलं, “आमच्या घरची सून माइक हातात धरनार नाय.” आमचे वडील हो म्हणाले. त्यानंतर घरच्या हळदीतही ताई फक्त टाळ्या वाजवायची. ओठसुद्धा हलवायची नाही. मला त्या टाळ्या बघवायच्या नाहीत.

असो. मी खुर्ची ओढली आणि माझं काम सुरू केलं. आधी कागद पाहिला. फोटो बाईंच्या तरुणपणाचा, कडेने कापलेला. वादकांची नावं नाहीत. मुंगीएवढी अक्षरं असायची त्या जागी नेमकी किमतीची चिकटपट्टी. मनात पाल चुकचुकली. पहिलं गाणं लागलं आणि ढोलकीच्या जागी हल्लीचा विजेवरचा ऑक्टोपॅड बडवलेला ऐकू आला. “नक्कल,” मी म्हणालो. दुसऱ्यात तान चढताना आवाज चिरकला. “ही कालची पोर आहे.” तिसरं, चौथं, सगळी तीच रड. खोटं सांगत नाही, मला मजा येत होती. समोरचा तोंडात बोट घालून बसलेला असावा आणि आपण निकाल देत सुटावं, याच्यासारखं सुख नाही.

मग नावेचं गाणं लागलं.

हे बाईंचं सगळ्यात गाजलेलं. नवरी धक्क्यावर उभी आहे, नाव येत नाही, आणि दोन कडव्यांच्या मध्ये नाववाल्याची लटकी सबब ऐकून ती हसते. त्या हसण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा कॅसेट मागे फिरवायचे. इथेही ऑक्टोपॅडच होता, म्हणजे हेही नव्यानेच गायलेलं, यात शंका नव्हती. मी ‘नक्कल’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर आवाज सुरू झाला आणि मी कान पुढे केला. पहिलं कडवं संपलं. ती हसली.

बाईंचं हसू बाहेर सांडायचं. हे हसू आत गेलं. सुरू झाल्याबरोबर कुणीतरी गिळून टाकावं तसं.

ते हसू मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. आमचे वडील रात्रपाळी करून दिवसा झोपायचे आणि घरात आवाज चालायचा नाही. ताईला हसायची सवय भारी. मग ती हसू आत ओढून घ्यायला शिकली, ते कायमचं तसंच राहिलं. गळ्याची नक्कल करता येते, हसण्याची येत नाही.

आता एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. उन्हाळ्यात ताई दात दाखवायला म्हणून माहेरी येऊन राहिली होती. रोज सकाळी नवीन पनवेलला डॉक्टरकडे जायची. जेवताना ताक नको, कैरीचं लोणचं नको, आणि दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी. अरे, दात दुखणारा माणूस ज्येष्ठमध चघळतो का? ज्येष्ठमध गळ्यासाठी. आणि नवीन पनवेलला तिच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याने फ्लॅटच्या भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता, हे मला चांगलं माहीत होतं. साऱ्या जगावर संशय घेणारा मी, सख्ख्या बहिणीने माझ्या डोळ्यांत धूळ फेकली आणि मी वर तिला लवंगेचं तेल आणून दिलं होतं.

स्वयंपाकघरात ताईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

“बोला मेवणे,” भावोजी म्हणाले. त्यांनी गाणं थांबवलं नव्हतं. “ह्या गाण्यात मला कायतरी वेगळं वाटतं. हे काय हाय, अस्सल का नक्कल?”

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नक्कल म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग आवाज कुणाचा? म्हातारी उठून ओट्यावरून दारात येऊन उभी होती. बोलणीतला शब्द मोडला हे तिला कळलं असतं, तर ताईचं माहेरी येणंसुद्धा बंद झालं असतं. गाणं तर सोडाच. आणि एवढी वर्षं टाळ्या वाजवून तिने एकच गाणं गायलं होतं.

“अस्सल,” मी म्हणालो. “बाकीची सगळी नक्कल. हे तेवढं बाईंचं, जुनंच. फक्त ऑक्टोपॅड मागून घातलाय.”

म्हातारीचा चेहरा फुलला. “मी सांगतलेला ना. असा गळा परत होनार नाय.” मग आत वळून म्हणाली, “आयकलंस का गो सूनबाय? ह्याला म्हनतात गानं.”

“हो आई,” आतून ताई म्हणाली.

मला त्या म्हातारीचा असा राग आला की काय सांगू. आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पाणी प्यायचं निमित्त करून मी आत गेलो. ताई पाठमोरी भाकरी थापत होती.

“तू कधीपासून खोटं बोलायला लागलास?” तिने मान न वळवता विचारलं.

“तुझा दात दुखायला लागल्यापासून.”

ती हसली. तेच, आत ओढलेलं. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “ऑक्टोपॅड फार मोठा ठेवलाय रे त्यांनी.” मी म्हणालो, फारच मोठा.

जेवण झालं. भावोजी नेहमीप्रमाणे खाली मान घालून जेवले. मी मात्र त्यांच्याकडे चोरून बघत होतो, कारण कमी बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. पाच-सहा गाण्यांत यांना नेमकं हेच का वेगळं वाटलं? ज्याला गाण्यातलं काही समजत नाही तो खास फोन करून मला बोलावतो कशाला?

निघालो तेव्हा ते मोटरसायकलपर्यंत सोडायला आले. सीटवरची धूळ हाताने झटकली. म्हातारी लांब ओट्यावर होती, तिला ऐकू येण्यासारखं नव्हतं.

“मेवणे, तिचा दात आता कसा हाय?”

माझ्या हातातली चावी लागेना. “बरा आहे,” मी म्हणालो.

“पुरा बरा?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

“अधूनमधून दाखवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले,” मी चाचरत म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “दाखवायलाच पायजे. दाताचं दुखनं अंगावर काढू नये. मी सोडत जाईन नवीन पनवेलला. आयेला काय सांगायचं ते मी बघतो.”

मी गाडीला किक मारली. ते एक हात हँडलवर ठेवून तसेच उभे राहिले.

“आन् त्या डॉक्टरला एक सांगा,” ते म्हणाले. “पुढच्या वेळेला हिला हसू गिळायला देऊ नको म्हनावं.”